तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस

२
*शेवटचा अंक एक. दोनने भाग जात नाही.*

किल्ली लागतच नव्हती.

बाहेर बर्फ, अंगात ओला पोहण्याचा पोशाख, केसांतून पाणी टपटपतंय, आणि मी तीनशे एकतीस नंबरच्या कपाटाशी झटापट करतेय. गरम पाण्याच्या कुंडातून बाहेर पडलं की ऊब फार तर दोन मिनिटं अंगात राहते. माझी दोन मिनिटं केव्हाच संपली होती.

"सोडा त्याला," मागून कुणीतरी म्हणालं. "दमलंय ते कुलूप."

वळून पाहिलं. एक उंच, लालबुंद कानांचा माणूस पंचा पांघरून उभा. त्याचेही दात वाजत होते. त्याने हात पुढे केला. मनगटाच्या रबरी पट्ट्यात किल्ली होती, तिच्यावर नंबर — ३३१.

"आणि तुमच्या हातात एकतीस आहे," तो म्हणाला. "मी मघापासून तिकडे एकतीसला छळतोय."

"पण ही तुमच्याकडे कशी आली?"

"दोन्ही काठावर होत्या. बुद्धिबळाच्या पटाशेजारी. पाण्यात उभे राहून म्हातारे खेळत होते, तुम्ही तो डाव बघत होतात..."

"तुम्हीही बघत होतात की."

"मी?" त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "मी डाव बघत नव्हतो."

अशा वेळी शहाण्या मुलीने काय म्हणावं? काहीतरी तरतरीत, मिश्कील. मी इथल्या, देब्रेत्सेन शहरातल्या, एका शाळेत गणित शिकवते. माझ्या तोंडून निघालं —

"दोन्ही मूळ संख्या आहेत."

"कोण दोन्ही?"

"एकतीस. आणि तीनशे एकतीस. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही त्यांना."

मला वाटलं, आता हा हसेल, किंवा नम्रपणे कपाटाकडे वळेल. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आणि पुढे आणखी एक तीन लावला तर? तीन हजार तीनशे एकतीस?"

"तीही मूळ."

"आणखी एक लावला तर?"

"अरे पोरांनो!" किल्ल्यांच्या खिडकीतून पिरीमावशी ओरडली. या स्नानगृहात ती माझ्या जन्माआधीपासून बसते. "आकडे मागाहून लावा, आधी कपडे लावा अंगाला! उद्या निमोनिया झाला म्हणजे लोक मला बोलतील!"

३
*अंकांची बेरीज पंचवीस. तीनने भाग जात नाही.*

तो फाटकापाशी थांबला होता. लोकरीची टोपी कानांवर ओढून.

"पाच अंकी राहिला," तो म्हणाला.

"तुम्हीच तपासा. कागदावर, हाताने. फोन काढायचा नाही."

"आणि मूळ निघाला तर?"

"तर वाइन-सोडा माझ्याकडून."

"आणि त्याच्या पुढचा?"

मी थांबले. ट्राम येत होती, रुळांवरचा बर्फ कुरकुरत होता. थांबायला नको होतं, पण थांबले.

"एकेक तीन वाढवत जायचं. आकडा मूळ निघाला की एक भेट. आधी तपासायचं, मग भेटायचं. ज्या दिवशी आकडा फुटेल, म्हणजे त्याला कशाने तरी भाग जाईल, त्या दिवशी खेळ खलास. मग फोन नाही, निरोप नाही, काही नाही. कबूल?"

"कबूल. मी लेवेन्ते."

"मी रेका. तपासून झालं की पिरीमावशीला सांगा. मी दर गुरुवारी येते."

आता तुम्हाला सांगते. मला माहीत होतं.

आकड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही हे माहीत असतं. ३१, ३३१, ३३३१... आठ अंकी आकड्यापर्यंत सगळे मूळ. आणि नवव्या अंकाला — तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस — माळ तुटते. दर सप्टेंबरला मी नवीन वर्गाला हीच माळ फळ्यावर लिहून दाखवते. बघा मुलांनो, सात वेळा खरं ठरलं म्हणून आठव्यांदा ठरेलच असं नाही.

हा धडा मी काही फक्त पुस्तकातून शिकले नव्हते. गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. हॉल ठरला होता, केक ठरला होता. पंधरवडा उरला असताना नवरामुलगा "जरा विचार करायला" बालातोन तळ्यावर गेला. तो अजून विचारच करतोय.

तेव्हापासून मला शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी बऱ्या वाटतात. पाच अंकी, सहा अंकी, सात, आठ. चार भेटी. मग आकडा आपोआप फुटेल, आणि कुणी कुणाला काही सांगायला नको.

चार पुरे.

५
*शेवटी शून्य नाही, पाच नाही. भाग जात नाही.*

पुढच्याच गुरुवारी तो स्नानगृहाजवळच्या बारमध्ये चौकटींच्या कागदांची चळत घेऊन आला. मी पर्समधून लाल पेन काढलं. सवय! तपासून होईपर्यंत तो माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिला.

"किती मार्क?"

"पाचपैकी चार."

"पाच का नाहीत?"

"सदुसष्टने दोनदा भागलंय."

"मला सदुसष्ट आवडला."

वेटर आला. मी 'लांब पाऊल' मागवलं, एक भाग वाइन आणि दोन भाग सोडा. त्याने 'घरराख्या' मागवला, तीन भाग वाइन आणि दोन भाग सोडा.

"बघ," ग्लास शेजारी शेजारी ठेवत तो म्हणाला, "वाइन माझ्यात तीन, तुझ्यात एक. तीन आणि एक. एकतीसच झाले."

"आणि हे 'तुझ्यात' कधीपासून?"

"एक घोट झाला की 'तू' म्हणायचं असतं. तुझा झालाय."

झाला होता खरा.

तो होर्तोबाजच्या गवताळ माळावर माळढोक सांभाळतो. थंडीत त्यांना मोहरीचा पाला मिळेल असं बघायचं, वसंतात घरट्यांवर पहारा. शेतकऱ्याच्या यंत्रापुढे आडवं उभं राहून म्हणायचं — दादा, एवढा तुकडा सोड, इथे अंडी आहेत.

"आणि सोडतात?"

"पहिल्यांदा शिव्या देतात. मी हलत नाही. मग सोडतात." त्याने ग्लास फिरवला. "मी चिवट आहे, रेका. हुशार नाही, पण चिवट आहे."

मी लाल पेनाचं टोपण लावू लागले. ते लागेना. दोनदा पडलं.

७, ११, १३
*या तिघांना एकदमच विचारता येतं. आकड्याचे तीन-तीन अंकांचे गट करायचे, एक वजा, एक अधिक. उरलं ३३१. त्याला तिघांपैकी कुणीच भागत नाही.*

ही युक्ती मी त्याला दुसऱ्या भेटीत शिकवली, माळावरच्या लाकडी मचाणात. सहा अंकी आकडा सुटला होता. त्याला पंधरवडा लागला होता.

"म्हणजे तीन भागाकार वाचले?" तो ओरडलाच. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"हळू... पक्षी उडतील."

दूर बर्फात माळढोक उभे होते, गंभीर, लग्नातल्या सासऱ्यांसारखे. त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. हातमोजे काढल्याशिवाय तिचं चाक फिरत नाही. मी काढले. बोटं गारठली. त्याने दुर्बिणीसकट माझे हात आपल्या हातांत घेतले.

"दिसतायत?" त्याने विचारलं.

"दिसतायत," मी म्हणाले. माझे डोळे मिटलेले होते.

तिसऱ्या भेटीच्या वेळी बर्फ गेला होता. सात अंकी आकडा. कागदांची चळत आता पिशवीतून आणावी लागली. केकच्या दुकानात बसून मी चार पानं तपासली आणि पेन ठेवून दिलं.

"का गं? चुकलं?"

"नाही. माझा विश्वास आहे."

"गणिताच्या बाईंचा? बिनतपासता?" तो हसला. मग हसायचा थांबला.

बाहेर भुरभुर पाऊस होता. ट्रामच्या थांब्यावर छपराखाली एक आजी, तिचा कुत्रा, आणि आम्ही. ट्राम आली तेव्हा तो मला म्हणाला, "ही जाऊ दे." ती गेली. दुसरी आली. आजी म्हणाली, "अहो, आता तरी चुंबन घ्या, माझ्या कुत्र्याला कंटाळा आलाय."

घेतलं.

तिसरी ट्रामही गेली.

(इथे कोणताच भाजक नाही. इथे फक्त वाट बघायची आहे.)

माझा हिशेब चुकला तो इथे.

आकडा कुठे फुटणार ते मला माहीत होतं. पण तीन वाढला की तपासणी किती लांबते, ते काही मी मांडलंच नव्हतं. गणिताची बाई मी! पाच अंकीला काही संध्याकाळी. सहा अंकीला पंधरवडा. आठ अंकी आकडा हाताने तपासायचा म्हणजे साडेसातशेच्या आसपास भागाकार, तेही लांबलचक. आणि आधी तपासायचं, मग भेटायचं — हा नियम त्याचा नव्हता. माझा होता.

गुरुवार आला. गेला. पुढचा आला.

"येऊन गेला तुझा माळढोकवाला," पिरीमावशी म्हणाली. "म्हणाला, तेराशेच्या पुढे गेलोय. काय गं, पगार का?"

"भाजक, मावशी."

"असतील. डोळे खोल गेलेत त्याचे. तू काय करतेयस त्या पोराचं?"

मी कुंडात उतरले. तपकिरी पाणी, वाफ, बुद्धिबळवाले म्हातारे. कशातच ऊब नव्हती. मला फक्त म्हणायचं होतं, अरे, पुरे, ये. पण म्हटलं तर? मग आठ अंकी संपला, आणि नऊ अंकीला एक मिनिटही लागणार नाही. मला दोन्हीची भीती वाटत होती — त्याने फार वेळ लावण्याची, आणि त्याने संपवण्याची.

पुढच्या गुरुवारी मावशीने नुसतं बोटांनी दाखवलं. चार. चार हजार.

"आज बोललासुद्धा नाही," ती म्हणाली. "नुसता उभा होता इथे. तीनशे एकतीसच्या कपाटाकडे बघत."

मी त्या दिवशी पाण्यात गेलेच नाही.

१७

ईस्टरचा सोमवार. त्या दिवशी आमच्याकडे पुरुष घरोघर जातात, बायकांना कडवं म्हणून दाखवतात, विचारतात — शिंपू का? — आणि डोक्यावर अत्तर शिंपडतात. बदल्यात रंगवलेलं अंडं आणि घोटभर दारू. दुपारपर्यंत प्रत्येक बाईच्या केसांना पाच-सहा स्वस्त अत्तरांचा मिळून एकच भयंकर वास येतो.

सकाळी सर्वांत आधी बाबा आले. निवृत्त रेल्वेचालक, वेळेला पक्के. मी लहान होते तेव्हापासूनचं तेच कडवं, तीच हिरवी बाटली. शिंपून झाल्यावर ते स्वयंपाकघरात हॅमच्या मागे लागले.

बेल वाजली. मला वाटलं, शेजारचे काका.

लेवेन्ते होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. एका हातात अत्तराची बाटली, दुसऱ्या हातात पिशवी. बूट काढून, मोज्यांवर, उंबऱ्याशी ताठ उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखं एका दमात म्हणाला —

"आठ अंकांचा आकडा, बाई, दिवसरात्र मी भागला,
भाग त्याला गेला नाही, जीव तेवढा भागला.
दारी आलो अत्तर घेऊन, अंड्यावरती डोळा,
शिंपू दे गं दोनच थेंब, मी माणूस साधाभोळा!"

"हे काय कडवं आहे?" आतून बाबा. "का गणिताचा पेपर?"

"शिंप," मी म्हणाले.

त्याने दोन थेंब शिंपले. मोजून दोनच. एक कपाळावरून घरंगळला, तो त्याने बोटाने टिपला. मी सगळ्यात सुंदर लाल अंडं त्याच्या हातावर ठेवलं. आम्ही स्वयंपाकघरात आलो, त्याने बाबांशी हात मिळवला, पिशवी टेबलावर ठेवली. आणि उभाच राहिला.

"आठ अंकी मूळ आहे," तो म्हणाला. "आणि येताना ट्राममध्ये... रेका, पुढचाही बघितला."

मी अंडं सोलत होते. सोलतच राहिले.

"तुझ्या युक्तीने सात, अकरा, तेरा गेले. मग सतराने सुरुवात केली. तेहतीसमध्ये एकदा. उरले सोळा."

"तिखट मुळा कुठे ठेवलायस गं?" बाबांनी विचारलं.

"एकशे त्रेसष्ट. नऊ वेळा. उरले दहा."

"खालच्या फळीवर, बाबा."

"एकशे तीन. सहा. उरला एक. तेरा, शून्य. एकशे तेहतीस, सात, उरले चौदा."

"इथे नाहीये."

"एकशे त्रेचाळीस. आठ. उरले सात. त्र्याहत्तर. चार. उरले पाच."

"बाबा, जरा थांबा ना!"

"एक्कावन्न," लेवेन्ते हळूच म्हणाला. "सतरा त्रिक एक्कावन्न. काही उरलं नाही."

बाबांनी फळीतलं डोकं बाहेर काढलंच नाही.

लेवेन्तेने कागद माझ्यापुढे सरकवला. मी त्याच्याकडे पाहत होते, कागदाकडे नाही. तो वाट बघत होता — पेन निघेल, एखादी चूक सापडेल, एखादा अंक चुकीचा खाली आला असेल... मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं.

"तू बघितलंही नाहीस."

"लेवेन्ते —"

"माझा पाढा बरोबर आहे की नाही, तेही बघितलं नाहीस. तुला माहीत होतं." थांबला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"फाटकापाशी? बर्फात?"

"हो."

"अच्छा," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे मी ज्या रस्त्याने चालत होतो त्याच्या टोकाला भिंत आहे, हे तुला दिसत होतं. आणि तू म्हणालीस, चाल."

"मला भिंत हवी होती," मी म्हणाले. "तुझ्यासाठी नाही. मला... शेवट आधी कळला की बरं वाटायचं. निदान कुणी अचानक निघून गेलं असं होत नाही. मला काय ठाऊक, तू साडेसातशे भागाकार करशील! फोन बघितला असतास तर एका क्षणात —"

"नाही म्हणाली होतीस ना फोन."

एवढंच म्हणाला. काका, येतो, म्हणाला. अंडं खिशात ठेवलं आणि दाराकडे गेला. फोन नाही, निरोप नाही, काही नाही. नियम पाळणारा माणूस. वाकून बूट घालू लागला. एका बुटाच्या नाडीला गाठ बसली होती.

मी दारात उभी. हातात अर्धं सोललेलं अंडं. ती गाठ सुटेपर्यंतच काय तो वेळ.

३३३ ३३३ ३३३ ३३३ ३३३ ३३१

"पुढे आणखी एक आहे," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. "कुठे?"

"दहा अंकी फुटतो. अकरा अंकीही. बारा, तेरा, चौदा, सगळे फुटत जातात, सतरापर्यंत. पण अठरा अंकी — सतरा तीन आणि शेवटी एक — तो फुटत नाही. मूळ आहे. भिंतीच्या पलीकडे आहे, लेवेन्ते. फार पलीकडे आहे, पण आहे."

नाडीवरचे हात थांबले. "हाताने तपासायचा तर?"

"तीन कोटींच्या आसपास भागाकार."

तो मनातल्या मनात पुटपुटला. हल्ली तो पटकन करतो. "मिनिटाला एक धरला... न झोपता..."

"सत्तावन्न वर्षं."

"आणि झोपून?"

"झोपून, जेवून, माळढोकांना सांभाळून, शेतकऱ्यांच्या शिव्या खाऊन... दोन जन्म पुरायचे नाहीत."

"आधी तपासायचं, मग भेटायचं," तो म्हणाला. आता त्याने वर पाहिलं. डोळे खरंच खोल गेले होते. "दोन जन्मांनी भेटू म्हणतेस?"

"नाही." मी खाली बसले, फरशीवर, त्याच्या समोर. केसांतून त्याच्या दोन थेंबांचा वास येत होता, बाबांच्या हिरव्या बाटलीच्या वरताण. "तो नियम चुकीचा होता. मी बदलतेय. आता समोर बसून तपासायचं. इथे. माझ्या टेबलावर. शेवटपर्यंत पोचणार नाही आपण. मला माहीत आहे पोचणार नाही. मला... लेवेन्ते, मला शेवट नकोच आहे."

मी त्याच्या बुटाची नाडी हातात घेतली आणि गाठ सोडवू लागले. त्याने आपली बोटं मध्ये घातली, त्यामुळे ती गाठ आणखीच बसली. शेवटी त्याने बूट तसाच, नाडीसकट, ओढून काढला आणि भिंतीशी सारला.

"तीन कोटी," तो म्हणाला. "रोज किती?"

"तुला झेपतील तितके."

"चूक झाली तर?"

"मी तपासेन. सगळे. एक एक."

मग कपाळाला कपाळ टेकलं. आणि मग... असो. अंडं फरशीवर घरंगळलं, तिकडे कुणी पाहिलं नाही.

मग स्वयंपाकघरातून हॅमची बशी टेबलावर आदळल्याचा आवाज आला, मुद्दाम मोठा, आणि पाठोपाठ खाकरल्याचा.

"तो जेवायला थांबतोय का?" बाबांनी हाक मारली.

"थांबतोय, बाबा."

"किती वेळ?"

लेवेन्तेने माझ्याकडे पाहिलं. कान पुन्हा लालबुंद झाले होते.

"आकडा जरा मोठा आहे, काका," तो म्हणाला.